छत्री कुठं उभी करायची

१९ जानेवारी, रविवार

काल सुमनला दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टर लय समजदार माणूस. मला खुर्ची दिली, खांद्यावर हात ठेवला अन् म्हणले, काका, आता काकूंना घरी न्या, पथ्य काही नाही, जे खावंसं वाटेल ते खाऊ घाला. इतके महिने मीठ बंद, तेल बंद, तिखट बंद करून त्या बाईला नुसतं बेजार केलतं. आता पथ्यच काढलं म्हणजे सुधारणाच की. मी लगेच खाली जाऊन जिलेबी घेतली. वर येतो तर निकिता जिन्यात उभी राहून रडायलीय. ही आमची लेक, परभणीत शाळेवर मास्तरीण हाय, वर्गात पोरं हिला टरकतात. मी म्हणलं, अगं माय घरी चालली, आता कामून रडतीस?  जिलेबी सुमननं नखाएवढी खाल्ली.

येताना जीपमधी तिला ताप चढला. ग्लानीत "नीळ्ळू, नीळ्ळू" करायली. ड्रायव्हरला काही समजंना. रेल्वेत तेलगू गडी संगं होते, म्हणून मला समजलं. नीळ्ळू म्हणजे तेलगूत पाणी. सुमनचं लहानपण निजामाबादकडं गेलं, बाप तिथं तांदळाच्या गिरणीत हमाल होता. बाप मेल्यावर तिची माय लेकरं घेऊन मानवतला माहेरी आली, अन् तिथून सुमन लग्न होऊन आमच्या घरी. तेव्हापासून तिच्या तोंडून तेलगू मी ऐकलं न्हवतं. एवढी वर्षं बाईनं आपली बोली पोटात दाबून ठेवली अन् आमी कुणी कधी इचारलं बी न्हाई. मनाला लय लागलं ते.

खाट पडवीत टाकली. आतल्या खोलीत जीव कोंडतो म्हणली.

२१ जानेवारी

ठरलं. मोटरीची छत्री बसवायची.

पूर्णा जंक्शनला सिग्नल खात्यात माझा जल्म गेला. तारा, मोटरी, खांब हेच केलं. रिटायर झाल्यापासून मोबाईलवर छत्रीवाल्यांच्या एका ग्रुपमधी हाय. सगळे माझ्यासारखेच रिकामे अन् चिकट. टीव्हीची साधी छत्री एकाच उपग्रहाकडं तोंड करून बसते. मोटरीची छत्री आभाळात पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत फिरते, जो उपग्रह पाहिजे त्याच्यापुढं जाऊन थांबते. ग्रुपवर उदगीरचा एक जण हाय, त्यानं सांगितलं की अगदी पूर्वेच्या टोकाला एक फुकटचा तेलगू चॅनल लागतो, जुनी गाणी, खेड्यातल्या कथा, असलं सगळं. सुमनसाठी तोच पाहिजे.

मानवतच्या एका केबलवाल्याकडं सहा फुटी छत्री पडून होती. कोंबड्या बसायच्या तिच्यात. धुऊन-पुसून टेंपोत टाकून आणली. गावात शिरलो तर लोक इचारायले, भुजंगराव, ही कढई घेऊन कुठं निघाला, कुणाचं लग्न हाय? हसा म्हणलं.

निकितानं फोन केलता. ती म्हणती, बाबा, मोबाईलवर सगळं तेलगू फुकट दिसतं, मी रविवारी लावून दिलंच की. दिलतं खरं. सुमननं घटकाभर बगितलं अन् डोळं दुखतात म्हणून परत केलं. मला आतून बरंच वाटलं.

२४ जानेवारी

आता खरा प्रश्न, छत्रीला बैठक कसली द्यायची. हे काम ज्याला जमलं त्याला सगळं जमलं, बाकी नट-बोल्ट कुणी बी आवळतं. साधी छत्री थोडी वाकडी असली तर चालतं. मोटरीच्या छत्रीचा खांब ओळंब्यात सरळ पाहिजे, माउंट, म्हणजे छत्री ज्याच्यावर वळती ती पकड, बरोब्बर दक्षिणेला पाहिजे. केसभर चुकलं की मधले उपग्रह मिळतात अन् टोकाचे हातातून जातात.

भिंतीचा ब्रॅकेट पहिल्यांदाच बाद केला. सहा फुटी छत्री वाऱ्यात विटा उपसून काढील, अन् फिरताना तिला भिंतच आडवी येती. राहिले दोन. एक म्हणजे गच्चीवर तीन पायांचा स्टँड. वर सगळं आभाळ मोकळं. दुसरं म्हणजे अंगणात खड्डा घेऊन, काँक्रीट भरून खांब. त्यात खोदाई आली, पाईप जास्त आला, शेजारच्या दैवशालाच्या शेळ्या येऊन अंग घासणार ते आलं, अन् पूर्वेला सुमनचा शेवगा आडवा. कुठल्या बी अकलेच्या माणसानं गच्चीच म्हणली असती.

सुमनला सगळं समजावून सांगितलं. कागदावर काढून दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत होती, मला वाटलं झोपली. मग म्हणली, "आवं, अंगणातच लावा."

मी म्हणलं, का बरं?

"फिरताना बगायचीय मला."

आता घ्या. छत्री काय पाळणा हाय का बगायला? मोटर लागली तरी ती मुंगीच्या चालीनं सरकती. पण आजारी माणसाशी कुठं वाद घालायचा. म्हणलं उद्या समजावू.

२६ जानेवारी, रविवार

समजली न्हाई. उलट सकाळी उठून म्हणती, शेवगा तोडा.

हा शेवगा तिनं स्वतः लावलेला. त्याची शेंग कुणी न इचारता तोडली तर ही बाई दिवसभर त्या घराला नावं ठेवत बसायची. एकदा मी एक फांदी छाटली तर दोन दिवस माझ्याशी बोलली न्हवती. अन् आज, तोडा. मी म्हणलं, सुमन, नीट इचार कर, गच्चीवर लावली तर झाड वाचतं. ती म्हणली, शेंगा आता कोण खाणार हाय. मला राग आला. मी काय मेलो का, म्हणलं, मी खातो की शेंगा. तर हसली.

भागुबाईअक्कानं दुसराच मुद्दा काढला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, पलीकडच्या घरात एकटी असती अन् सध्या आमचा स्वैपाक तीच करती. ती म्हणली, दारासमोर खांब रोवू नये, घरावर येध पडतो, वंगाळ असतं ते, आजारी माणूस घरात असताना तर मुळीच नको. आता मी काय ते मानत न्हाई, पण हा मुद्दा माझ्या फायद्याचा होता म्हणून गप्प बसलो. सुमननं अक्काचा हात धरला अन् म्हणली, अक्का, आता अजून काय व्हायचं राहिलंय, लावू द्या त्यांना समोर. अक्का पदर तोंडाला लावून चुलीकडं गेली. बाया आजकाल लवकर रडायल्यात.

दुपारून शेवगा पाडला.

३० जानेवारी

धम्मानंद येऊन गेला. पूर्णेला वेल्डिंगचं दुकान हाय त्याचं, हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. खड्डा कंबरेएवढा घेतला. खांब जाड पाईपचा, खाली गज आडवे जोडले, म्हणजे वाऱ्यानं पीळ बसला तरी जागचा हलू नये.

दक्षिणेचा वाद झाला. मोबाईलमधलं होकायंत्र लोखंडाजवळ नेलं की येड्यासारखं फिरतं. धम्मानंद म्हणला, काका, माउंट बोल्टवरच ठेवू, नंतर इकडं-तिकडं फिरवता येईल. मी म्हणलं, बोल्ट ढिले होतात, शेळ्या घासतात, वारा हाय, वेल्डच कर. आपल्या गावात दक्षिणमुखी मारुती हाय. पिढ्यान् पिढ्या त्याचं तोंड दक्षिणेला हाय. त्याच्या देवळाची भिंत माझ्या अंगणातून सरळ दिसती. तिला दोरी धरली अन् तीच रेघ अंगणात आणली. धम्मानंद मान खाजवत म्हणला, बगा बुवा, तुमचा देव तुमाला म्हाईत.

मारुती चुकंल का? काहीतरीच.

३ फेब्रुवारी

काँक्रीट मुरायलंय. पोत्यानं झाकून पाणी मारायलोय. ओळंबा चारी बाजूंनी लावून बगितला, खांब असा सरळ बसलाय की इंजिनियरनं यावं अन् बगून जावं.

सुमनची भूक कमी झालीय. ऊन वाढायलंय त्याचं असंल. डोळे मात्र चांगले टवटवीत हायेत, दिवसभर अंगणाकडं बगत पडती. मी मागच्या बाजूला पाईप कापायला गेलतो तर हाक मारून अक्काला इचारायली, कुठं गेले, कुठं गेले. अक्कानं बोलवलं म्हणून पळत आलो. म्हणलं, काय पाहिजे? काही न्हाई म्हणली. मग म्हणली, पाईप इथंच कापा की, पुढं. मी म्हणलं, आवाज होतो, लोखंडाचा चुरा उडतो. होऊ द्या म्हणली.

काम संपलं की ती नवीन काम काढती. आज खांबाला रंग देऊन झाला. मी हात धुवायला लागलो तर म्हणली, अजून एक हात द्या की, पावसात गंजंल. दिला. संध्याकाळी पुन्हा, तिकडच्या बाजूनं फिका दिसायलाय. मी म्हणलं, अगं रेल्वेत मोठे साहेब होते, त्यांनी बी माझी एवढी चूक काढली न्हाई. लय बारीक नजर हाय बाईची.

९ फेब्रुवारी, रविवार

छत्री उभी राहिली.

धम्मानंद, मी अन् दैवशालाचा नवरा, असं तिघांनी मिळून उचलली. माउंट खांबावर बसवून वेल्ड केलं, मागं मोटरीचा दांडा लावला, तो लांब-आखूड झाला की छत्री वळती. तार पडवीतून आत टीव्हीपर्यंत आणली. टीव्ही बी पडवीतच ठेवला, खाटेपुढं. रिमोट दाबला. मोटर गुरगुरली, अन् ती कोंबड्या बसायची छत्री हळूहळू आभाळाकडं मान वळवायली. सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. शेजारपाजारचे सगळे जमलते. सुमनला निकितानं उशीला टेकवून बसवलं होतं. मी म्हणलं, बग, फिरायली, तुला बगायची होती ना? ती म्हणली, व्हय, बगायलीय. पण नजर छत्रीकडं न्हवतीच, उगं कुठंतरी. थकली असंल.

मधले सगळे उपग्रह धडाधड लागले. हिंदी, बंगाली, तमिळ, कुठलंतरी नेपाळी. पूर्वेच्या टोकाला गेलो अन् सगळं गप्प. तेलगू काही लागंना. उदगीरवाल्याला फोन लावला, तो म्हणला माझ्याकडं स्वच्छ येतंय.

बगतो. सापडंल. चूक माझ्या हातची न्हाई, कुठंतरी तारेत असंल.

१२ फेब्रुवारी

तार बदलली. काही फरक न्हाई.

१४ फेब्रुवारी

छत्रीपुढचा तो डबीसारखा भाग असतो, एलएनबी, तो परभणीहून नवा आणला. काही फरक न्हाई. दिवसभर खांबाला चिकटून उभा होतो. मान आखडली.

निकितानं शाळेतून रजा टाकली, इथंच राहायला आली. मी म्हणलं, परीक्षा जवळ आल्या, पोरांचं नुकसान कशाला. तर संध्याकाळी माझ्यावर घसरली. अंगणात आली, पान्हा हातातून घेतला अन् म्हणली, "बाबा, तुमी घटकाभर आईजवळ बसा. हे सोडा आता."

मी म्हणलं, मी काय खेळायलोय का? हे तिच्यासाठीच चालू हाय. त्या बाईचं सगळं लहानपण त्या बोलीत गेलं, तिच्या कानावर चार शब्द पडावे म्हणून मी उन्हात उभा हाय. तुमाला काय, मोबाईल हातात दिला की झालं. लय बोललो. पोरीचं तोंड एवढंसं झालं. पान्हा परत दिला अन् आत गेली.

पडवीतून सुमननं आवाज दिला, निके, त्यांना काही म्हणू नको, करू दे. आवाज लय बारीक झालाय तिचा. मी म्हणलंच निकिताला, बग, जिच्यासाठी करायलोय तिची काही तक्रार न्हाई.

आज सुमननं काहीच खाल्लं न्हाई. पाणी चमच्यानं घेती. गोळीचा डोस वाढवलाय म्हणून गुंगी असती.

१८ फेब्रुवारी

चूक सापडली. लिहायची बी लाज वाटती.

दुपारी खांबाशेजारी उभा होतो, सावली बगत होतो. ऐन दुपारची सगळ्यात आखूड सावली बरोब्बर उत्तर-दक्षिण पडती, हे सिग्नलच्या ट्रेनिंगमधी शिकवलेलं. घड्याळात बाराला न्हाई, आपल्याकडं सूर्य अर्धा तास उशिरा माथ्यावर येतो. दोरी लावून ती सावली जमिनीवर आखली. मारुतीच्या भिंतीवरनं आणलेली माझी रेघ अन् ही रेघ, दोघींमधी चांगला फरक. मी चार वेळा बगितलं.

अक्का पाणी घेऊन आलती. तिला म्हणलं, अक्का, मारुतीचं तोंड दक्षिणेला न्हाई. ती म्हणली, अरे बाबा, त्याचं तोंड वेशीकडं हाय. गावाची राखण करायला बसवलाय तो, ज्या बाजूनं रस्ता येतो तिकडं बगतो. दक्षिणमुखी आपलं म्हणायचं. मी म्हणलं, हे आधी सांगायचं न्हाई का? ती म्हणली, तू मला कुठं इचारलंस, धम्मानंदला इचारत बसलास.

तिच्यामागं पडवीतून आवाज आला. सुमन हसायली होती. खोकत-खोकत हसायली होती, डोळ्यातून पाणी. किती दिवसांनी. मला बी हसू आलं. मारुतीच्या मागं लागून आभाळ शोधायलो, म्हणलं, तो बिचारा रस्त्यावर नजर ठेवून बसलाय.

पण दिवस किती वाया गेले. वेल्ड केलंय, आता कापावं लागंल. धम्मानंदला फोन लावला. उद्या येतो म्हणला, मी म्हणलं आजच ये. एवढी घाई कशाला काका, म्हणला. मी फोन ठेवून दिला.

२१ फेब्रुवारी

तेलगू लागलं.

धम्मानंदनं वेल्ड कापलं, माउंट सावलीच्या रेघेवर फिरवलं, या बारीला बोल्टनं आवळलं. मी रिमोट दाबला. मोटर पूर्वेकडं गेली, गेली, अगदी टोकाला गेली अन् पडद्यावर एकदम एक बाई आली. काठाचं लुगडं, मांडीवर ढोलकीसारखं काहीतरी, हात हलवून हलवून कथा सांगायली. आवाज स्वच्छ. मी धम्मानंदला मिठीच मारली. पळत पडवीत आलो, सुमनचा हात हातात घेतला, म्हणलं, सुमन, ऐक, ऐक, तेलगू.

तिनं डोळे उघडले. ऐकलं. बराच वेळ ऐकलं. निकिता खाटेच्या पलीकडं बसली होती. मला वाटलं आता ती रडंल न्हाई तर त्या बाईसंगं काहीतरी बोलंल. मीच इचारलं, काय सांगायली ती?

ती म्हणली, "मला कुठं कळायलंय."

मी म्हणलं, म्हणजे?

म्हणली, इसरले सगळं. लहान होते ना. पाणी, माय, इकडं ये, झोप, एवढंच राहिलंय. तापात तोंडात येतं, बाकी काही न्हाई.

मी तसाच बसलो. हात तिचा माझ्याच हातात. म्हणलं, अगं मग पहिल्याच दिवशी सांगायचं. एवढा खटाटोप कशाला करू दिला मला? झाड तोडलं, अंगण खोदलं, महिना घातला मी त्यात.

तिला दम लागत होता. थांबत थांबत बोलली, "तुमी दिसत होता की."

मला समजलंच न्हाई. पुन्हा म्हणली, "गच्चीवर गेला असता तर दिवसभर दिसला नसता. जवळ तर तुमी बसत न्हाई. म्हणलं, निदान समोर असू द्या."

टीव्हीवरची बाई सांगतच होती. निकितानं उठून बंद केला. धम्मानंद अंगणात उभा होता, तो हत्यारं न घेताच गेला.

२२ फेब्रुवारी

आज अंगणात उतरलो न्हाई. खाटेजवळ बसलो.

मला काय कळत न्हवतं का? कळत होतं. दवाखान्यातून निघतानाच कळलं होतं, डॉक्टर खांद्यावर उगं हात ठेवत न्हाईत. तिच्याजवळ बसलो की तिच्या हाताची हाडं दिसायची, श्वास ऐकू यायचा, अन् मला वाटायचं, नको, उठावं, कुठंतरी पान्हा लावावा. लोखंडाशी मला बोलता येतं. मरणाऱ्या बायकोशी काय बोलायचं ते मला कुणी शिकवलं न्हाई. म्हणून उठत होतो. अन् तिनं ते ओळखून मला अंगणात बांधून ठेवलं, दाव्याला बैल बांधावा तसं, नजरेपुढं.

किती दिवस मी तिच्याकडं पाठ करून उभा होतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

बसलोय. बोलायचं काय सुचत न्हाई, म्हणून पूर्णेच्या गोष्टी सांगतो. एकदा म्हशीनं सिग्नलची तार ओढली अन् गाडी तासभर उभी राहिली ती गोष्ट सांगितली. ही गोष्ट तिनं लग्नापासून ऐकलीय. तरी म्हणली, मग? मी पुढं सांगितलं.

२५ फेब्रुवारी

पाय दाबले. तेवढ्यानं तिला झोप लागली. मी हात काढला की जागी होती, म्हणून तसाच बसलो. निकितानं माझा चहा हातात आणून दिला, अन् जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मीच लेकरू असल्यासारखा.

दुपारून सुमन जरा शुद्धीवर होती. म्हणली, शेवगा परत लावा, फांदी रोवली की फुटतो, पाणी जास्त घालू नका. मी म्हणलं, लावतो. म्हणली, अक्काला रोज कालवणाची फर्माईश करू नका, म्हातारी झाली ती. मी म्हणलं, न्हाई करत. म्हणली, गच्चीच्या शिडीची दुसरी पायरी हललीय. मी म्हणलं, सुमन, आता बास. तर म्हणली, बास कसं, तुमाला सांगितल्याशिवाय एक काम होत न्हाई.

खरं हाय ते.

१ मार्च

सुमन गेली. सकाळी. मी जवळ होतो. हात हातात होता, अन् मी उठलो न्हाई.

१६ मार्च, रविवार

सगळं उरकलं. पाहुणे गेले. निकिता काल परभणीला गेली. बाबा, माझ्याकडं चला म्हणून लय मागं लागली. मी म्हणलं, बगू पुढं. जाताना अक्काच्या कानात काहीतरी सांगून गेली, माझ्याकडं लक्ष ठेव असंच असंल.

पडवीतली खाट उचलली, धुतली, मागं उभी करून ठेवली. पडवी एवढी मोठी हाय हे मला म्हाईतच न्हवतं. सकाळी चहा घेऊन तिथं बसलो. समोर छत्री. पूर्वेच्या टोकाकडं तोंड करून तशीच उभी हाय, त्या दिवसापासून मी रिमोट हातात घेतला न्हाई. अंगणात कुणी न्हाई. तिथं बसल्यावर समजलं की तिला काय काय दिसायचं. खांब, खड्ड्याची माती, दैवशालाच्या शेळ्या अन् दिवसभर एक म्हातारा, कधी वाकलेला, कधी चिडलेला, कधी रंगाचा ब्रश घेऊन. एवढंच. अन् तिला ते पुरत होतं. मला असं रडू फुटलं की अक्का पलीकडून धावत आली.

दुपारी धम्मानंद आला. हत्यारं राहिली होती ती न्यायला आला असंल म्हणलं, पण तो जरा वेळ बसला, इकडचं-तिकडचं बोलला. बोलता बोलता म्हणला, काका, आता छत्री वर गच्चीवर घेऊ का? तुमचं आधीपासून तेच म्हणणं होतं. वर आभाळ मोकळं, शेळ्यांचा तरास न्हाई, पावसाळ्यात चिखल न्हाई. अर्ध्या दिवसाचं काम हाय, पोरं घेऊन येतो.

त्याचं एक बी वाक्य चूक न्हवतं. जानेवारीत मीच हे सगळं कागदावर काढून सुमनला दाखवलं होतं. मी छत्रीकडं बगितलं, मग पडवीकडं.

कुठं बी लाव, म्हणलं. मी वर हाय का खाली हाय, ते बगणारं आता कोण हाय.